बिनधुराचं हेड

महारुद्र मिस्तरी फाटा सोडून जाईल त्या दिवशी मी पेढे वाटीन, असं मी देवगाव फाट्यावर चारचौघांत सांगून ठेवलं होतं. ते त्याच्या कानावर गेलंच. त्यावर त्याने म्हणे एवढंच विचारलं, की पेढे तरी बरे आणील का, का तेही तिच्या गॅस्केटसारखेच?

आमच्या दोघांमध्ये एक पत्र्याची भिंत आहे. अलीकडे माझं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान, पलीकडे त्याची शेड. दुकान माझ्या वडिलांनी, माणिकरावांनी टाकलं. ते गेल्यावर गल्ल्यावर कुणी बसायचं हा प्रश्न घरात निघाला. भाऊ पुण्याला, त्याला यायचं नव्हतं. मी बी.कॉम. करून घरी बसले होते, मी म्हणाले, मी बसते. ट्रॅक्टरच्या दुकानात बाई बसली म्हणून सुरुवातीला लोक फिल्टरचा भाव विचारायच्या निमित्ताने नुसते बघायला यायचे. त्या सगळ्यांना मी पुरून उरले. आता आजूबाजूच्या गावांतले ट्रॅक्टरमालक ‘पंकजाताई, अमुक द्या, तमुक द्या’ म्हणतात आणि मी सांगेन तो पार्ट मुकाट्याने घेऊन जातात. महारुद्रने मात्र मला आजपर्यंत नावाने हाक मारलेली नाही. त्याच्या लेखी मी ‘माणिकरावाची पोरगी’.

त्याच्याशी माझं कशावरून बिनसलं, तेही सांगते. वडिलांची राख सावडून आम्ही घरी येऊन टेकलो होतो. घर माणसांनी भरलेलं, आई भिंतीला टेकून बसलेली. तेवढ्यात हा दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, इतक्या वर्षांचा शेजार, दोन शब्द बोलेल, आईसमोर क्षणभर बसेल. तो बसला नाही. दारातूनच मला म्हणाला, “दुकान इकायचं का?” मी नाही म्हणाले. तो आला तसा गेला. असा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

पुढे मी दुकानात बसू लागले आणि पहिल्याच हंगामात माझ्याकडून गेलेलं एक गॅस्केट जळलं. इंजिनाचं धड आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये जो पातळ पत्रा दाबून बसवतात, ते गॅस्केट. ते जळलं की पाणी, तेल आणि आग यांचा एकमेकांत काला होतो आणि ट्रॅक्टर जागेवर बसतो. एखादं गॅस्केट खराब निघतं, सगळ्यांकडेच निघतं. मी दुसरं बदलून दिलं, मालकाची तक्रार मिटली. पण महारुद्रने ते जळकं गॅस्केट सुतळीला बांधून आपल्या शेडच्या दाराला टांगलं, बरोबर माझ्या दुकानाकडे तोंड करून. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे काय, आणि हा सांगायचा, माणिकरावाच्या पोरीकडचा माल हाय. वारा सुटला की ते पत्र्यावर आपटायचं आणि मला गल्ल्यावर बसून ऐकावं लागायचं. त्यात भर म्हणून हा माणूस सुटे पार्ट धुतो आणि ते काळं पाणी शेडच्या पुढे ओततो. उतार माझ्या पायरीकडे आहे, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

त्याचा धंदा हेडचा. हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचा लोखंडी ठोकळा. त्यातल्या बोगद्यांमधून इंजिनात हवा जाते आणि जळालेला धूर बाहेर येतो. कारखान्यातून हेड येतं तेव्हा हे बोगदे आतून खडबडीत असतात, वळणावर अरुंद असतात. महारुद्र हेड उतरवतो, लांब दांडीच्या ग्राइंडरने बोगदे आतून घासतो, रुंद आणि गुळगुळीत करतो. बोगद्यांची तोंडं उघडमिट करणाऱ्या व्हॉल्व्हच्या बैठका नव्याने कापतो, पेस्ट लावून एकेक व्हॉल्व्ह हाताने घोळवत बसवतो. मग बोगद्यात डिझेल ओतून ठेवून देतो. खालून थेंबभर जरी झिरपलं तरी सगळं पहिल्यापासून. घासायचं कामही जपून असतं, कारण बोगद्याच्या भिंतीपलीकडे इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळत असतं. हात जरा जास्त चालला की भिंत फुटते आणि हेड भंगारात जातं. त्याचा हात जास्त चालल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याने केलेल्या हेडचा ट्रॅक्टर उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन चढ असा चढतो, की ट्रॉल्या मागे आहेत ना, हे ड्रायव्हर वळून बघतो. हे मला कबूल करावं लागतं, आणि करताना माझ्या जिवावर येतं.

पण वागणं! ताडपत्रीचा पडदा ओढून त्याच्याआड काम करणार. मालकाने बाहेर उन्हात उभं राहायचं. आत डोकावलं की पाना खाली ठेवून हा गप्प बसणार, माणूस मागे सरेपर्यंत. फोन उचलणार नाही. नमस्कार केला तर ऐकू आलं नाही असं दाखवणार. जिंतूरकडचा एक मोठा बागाईतदार पांढऱ्या कपड्यांत आला होता, इंजिनाला दम नाही म्हणत होता. ह्याने इंजिनाला हात लावला, कान दिला आणि सांगितलं, इंजिन चांगलं हाय, मालक बदला. तो माणूस पुन्हा फाट्यावर उतरला नाही. त्याच्याबरोबर त्याच्या गावचं माझं गिऱ्हाईकही गेलं.

एवढ्या तुसड्या माणसाची एक बारीक रीत मात्र ठरलेली. हेड बसवून झालं की तो डिझेलच्या पंपाचा स्क्रू जागेवर आणतो, त्यातून तार ओवतो आणि तारेला शिशाचं सील पक्कडीने दाबून टाकतो. हा स्क्रू आत पिळला की इंजिनात जास्त डिझेल जातं. सील दाबताना तो प्रत्येक मालकाला तेच ऐकवतो, की पंपाला हात लावायचा न्हाई, लावला तर महं नाव घ्यायचं न्हाई. त्याच्या तोंडून निघणारं हे सगळ्यात लांब बोलणं.

आणि इथेच सगळा घोळ आहे. आमच्या भागात ट्रॅक्टरचा दम धुरावरून ठरतो. ज्याचा धूर काळा त्याचं इंजिन भारी. वरातीत ट्रॅक्टर असला तरी ड्रायव्हर उगाच रेस देऊन धुराचा लोट सोडतो आणि पोरं शिट्ट्या मारतात. मोबाईलवर स्टेटस ठेवतात तेही धुराचंच, ट्रॅक्टर त्यात दिसतसुद्धा नाही. महारुद्रच्या हेडला धूरच येत नाही. इंजिनाला पोटभर हवा मिळते, डिझेल सगळं जळतं, मग धूर येणार कुठून? पण मालकाला वाटतं, आपल्याला फसवलं. मग तो कुठेतरी आडबाजूला जाऊन सील तोडतो, स्क्रू पिळतो, काळा लोट बघून खूश होतो. हवेला जाळता येणार नाही इतकं डिझेल आत गेलं की इंजिन आतून भाजून निघतं. पुढे त्याची वाट लागली, की तो मालक लाजेपोटी महारुद्रकडे परत येत नाही.

आप्पाराव लाजणाऱ्यातले नव्हते. आप्पाराव म्हणजे ऊस वाहतुकीचे ठेकेदार. हंगामात ह्या रस्त्याने जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांपैकी बऱ्याचशा त्यांच्या असतात. ते जीपमधून उतरले की हॉटेलातली माणसं उठून उभी राहतात. माझं अर्धं दुकान त्यांच्या ट्रॅक्टरांवर चालायचं. तेल, फिल्टर, बेल्ट, सगळं माझ्याकडून. दसरा झाला की चारठाण्याच्या अलीकडे एका मोकळ्या रानात ट्रॅक्टरची टोचन लागते. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ करून साखळीने बांधतात, दोघं विरुद्ध दिशेला जोर लावतात, जो दुसऱ्याला ओढून रेघेपलीकडे नेईल तो जिंकला. गेल्या खेपेला चुडाव्याच्या एका ट्रॅक्टरने आप्पारावांचा लाल ट्रॅक्टर ओढून नेला होता. ते त्यांच्या मनात खुपत होतं. म्हणून यंदा दसऱ्याच्या आधीच तो लाल ट्रॅक्टर महारुद्रच्या शेडपुढे येऊन उभा राहिला.

महारुद्र गॅस्केट नेहमी परभणीहून आणायला लावतो. आप्पारावांनी ते माझ्याकडून घेतलं, रोजचं दुकान म्हणून. महारुद्रने ते दोन्ही हातांत धरून उन्हाकडे केलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि समोरच्या हॉटेलात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, की घालतो, पण ह्याचा जिम्मा महा न्हाई. मी गल्ल्यावरून उठून त्याला चार शब्द सुनावले. त्याने पडदा ओढून घेतला.

हेड बसलं, सील दाबलं, ट्रॅक्टर सुरू झाला. सुरुवातीला धुराची एक बारीक रेघ निघाली आणि मग नळकांड्याच्या तोंडावर नुसती हवा थरथरत राहिली. आवाज मात्र असा भरीव, की माझ्या मांडणीवरचे डबे वाजू लागले. आप्पाराव नळकांड्याकडे बघत उभे होते.

“धूर कुठं हाय, मिस्तरी?”

“जळाला,” महारुद्र म्हणाला आणि हात पुसत आत गेला.

आप्पारावांचं तोंड उतरलं. टोचनीला सगळा तालुका येणार, आणि आपला ट्रॅक्टर धुराशिवाय उभा राहणार, हे त्यांना पटेना.

टोचनीच्या दिवशी सकाळी लाल ट्रॅक्टर माझ्या दुकानासमोर थांबला. वर परमेश्वर होता, आप्पारावांचा मेव्हणा. टोचनीत ट्रॅक्टर तोच चालवणार होता. मागे जीपमध्ये आप्पाराव. महारुद्रची शेड अजून उघडली नव्हती. परमेश्वरने माझ्याकडे पाना मागितला, आपला घरी राहिला म्हणाला. मी दिला. तो पंपावर वाकला, पक्कडीने तार कापली आणि पान्याने स्क्रू आत पिळत गेला. मग रेस दिली. असा काळा लोट सुटला, की माझ्या काउंटरवरच्या पाकिटांवर काजळी बसली. जीपमधून आप्पाराव हसून म्हणाले, आता कसं! परमेश्वरने पाना परत दिला आणि ते गेले. मी फडकं घेऊन पाकिटं पुसली. हे बरोबर झालं नाही, एवढं मला कळत होतं. पण ट्रॅक्टर त्यांचा होता, आणि महारुद्रचं सील तुटलं म्हणून मी कशाला जीव जाळू? खरं तर मला जरा बरंच वाटलं.

रानात काय झालं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या फाट्याला तोंडपाठ झालं होतं. परमेश्वर सकाळपासून लोकांना धूर दाखवत रेस देत बसला. साखळी ताणली गेली तेव्हा लाल ट्रॅक्टरने चुडाव्याच्या ट्रॅक्टरला चांगलं ओढलंही. लोक ओरडत होते, काळ्या ढगात काही दिसत नव्हतं. मग त्या काळ्यातून पांढरी वाफ निघाली, आतून काहीतरी तडकल्याचा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. चुडावेकरांनी तो बंद ट्रॅक्टर उलटा ओढत रेघेपलीकडे नेला, आणि तिथेच न थांबता हलगीच्या तालावर रानभर फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ट्रॅक्टर दोरी बांधून महारुद्रच्या शेडवर आणला गेला. मागे आप्पाराव, परमेश्वर आणि तालुक्यातले पंधरावीस मालक. आप्पारावांनी सांगितलं, सगळ्यांच्या समोर उघडायचं. परमेश्वरने पुढे होऊन ताडपत्रीचा पडदा ओढून खाली पाडला. इतक्या वर्षांत त्या शेडचा आतला भाग मीही पहिल्यांदाच पाहत होते. महारुद्रने बोल्ट काढले, दोघांच्या मदतीने हेड उचललं आणि टेबलावर उलटं ठेवलं. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध आरपार तडा गेला होता.

आप्पारावांनी तडा सगळ्यांना दाखवला. घासून घासून कागद केला, म्हणाले. मग काय ठरवून आले होते ते त्यांनी सांगितलं. उद्यापासून महारुद्रने ह्या फाट्यावर हेडला हात लावायचा नाही, शेड खाली करायची. आणि जो मालक आपलं हेड त्याच्याकडे देईल, त्याचा ट्रॅक्टर ह्या हंगामात आप्पारावांच्या ठेक्यावर लागणार नाही. यावर कुणाची तक्रार आहे का, म्हणून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. तक्रार असणार कुणाची? तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला महारुद्र कधी ना कधी काहीतरी टाकून बोलला होता. ते सगळे ते बोलणं वसूल करायलाच आले होते. महारुद्रचं वय साठीला टेकलेलं. ह्या शेडबाहेर त्याला कुणी ओळखत नाही, शेतीचा तुकडा नाही, आणि हेडशिवाय दुसरं काही त्याला येत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्या डोळ्यांत दया नव्हती. माझ्याही नव्हती.

महारुद्रने बोटाने पिस्टन दाखवला. त्याचं तोंड वितळल्यासारखं झालं होतं. जास्तीच्या डिझेलनं भाजलंय, म्हणाला. मग पंपाकडे पाहून त्याने विचारलं, सील कुठे आहे? परमेश्वरने तिथल्या तिथे आपल्या लेकराची शपथ घेतली, की सील नव्हतंच, मिस्तरीने लावलंच नाही, लावायचं विसरला आणि आता आमच्यावर ढकलतोय. माना डोलल्या.

मी माझ्या पायरीवर उभी होते. आप्पारावांचं लक्ष गेलं. ते हसून म्हणाले, पंकजाताई, पेढे सांगा आता. सगळे हसले. मीही हसले, आणि मनापासून हसले. उद्यापासून काळं पाणी नाही, दारातलं ते जळकं गॅस्केट नाही, कदाचित पुढेमागे त्या शेडची जागासुद्धा मला मिळेल, एवढं सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं.

तेव्हा व्यंकटराव मध्ये पडले. हे म्हातारे मालक, जिथे तिथे तडजोड करायची त्यांना खोड. ते आप्पारावांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. हंगाम तोंडावर आला आहे, एवढ्या ट्रॅक्टरांची हेडं कोण करणार, असंच काहीतरी असणार, कारण आप्पाराव परत आले ते वेगळ्याच सुरात.

“मिस्तरी, एक काम करा. गॅस्केटच खराब व्हतं म्हना. तुमी तर तवाच बोलला व्हता, आमी ऐकलं न्हाई. तुमचं बी नाव राहील, आमचं बी राहील.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझं हसू जागच्या जागी थिजलं. गॅस्केट माझ्या दुकानातलं. महारुद्रने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. तो तर कितीतरी वर्षं तेच म्हणत आला होता, त्याला खोटंसुद्धा वाटलं नसतं. आणि एकदा त्याने म्हटलं, की आप्पारावांचा ट्रॅक्टर त्या बाईच्या मालाने गेला, हे चुडाव्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? मग मी गल्ल्यावर बसून करायचं काय? घरातले म्हणणारच होते, की बाईच्या जातीला हा धंदा नव्हताच. मी शेडच्या दाराकडे पाहिलं. ते जळकं गॅस्केट तिथे लटकतच होतं.

महारुद्रने हात पुसले. इंजिनावरचं गॅस्केट अलगद सोडवलं आणि दोन्ही हातांनी उन्हाकडे धरलं. त्यातल्या भोकांभोवतीच्या प्रत्येक कडीवरून बोट फिरवलं. उलटं केलं, पुन्हा फिरवलं.

“गॅस्केट चांगलं हाय,” तो म्हणाला.

आप्पाराव म्हणाले, नीट विचार करून बोला.

“इचार कामून करायचा? सगळीकडं सारखं दबलंय. एक कडी जळाली न्हाई. गॅस्केटचा दोष न्हाई.”

ते त्याने बॉनेटवर ठेवलं. मग भिंतीवरून ग्राइंडर उतरवला आणि त्याची वायर गुंडाळू लागला. शेड खाली करायला सांगितली होती, ती तो करायला लागला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

मला इतका राग आला, की कानशिलं तापली. पहिला राग त्याचाच आला. कुणी सांगितलं होतं ह्याला खरं बोलायला? इतकी वर्षं माझ्या मालाला नावं ठेवली आणि आज, जेव्हा नाव ठेवून सुटका होत होती, तेव्हा ह्याला माझं गॅस्केट चांगलं दिसलं. आता मी गप्प राहिले, तर ह्या माणसापेक्षा मी हलकी ठरणार. आणि ते मला सहन होणार नव्हतं. दुसऱ्या कुणाहीपेक्षा हलकी ठरले असते, ह्याच्यापेक्षा नाही.

मी पायरी उतरले.

“सील व्हतं,” मी म्हणाले. “परमेश्वरभाऊंनी काल सकाळी महाच पाना घेऊन स्क्रू पिळला. तार कापताना मी बघितलं. आप्पाराव, तुमी जीपमधी बसला व्हता. धूर निघाला तवा तुमी म्हनला, आता कसं.”

आप्पारावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझी मांडणी, डबे, पाकिटं, सगळं डोळ्यांसमोर दिसलं. कुणीतरी मागून पुटपुटलं, बाईचं काय ऐकता. तेव्हा व्यंकटराव बोलले.

“आरं, ही तर त्याच्या नावानं पेढे वाटणार व्हती. ती त्याच्या बाजूनं खोटं कशाला बोलंल?”

महारुद्रशी माझं सख्य असतं, तर माझ्या बोलण्याला त्या गर्दीत काडीची किंमत मिळाली नसती. लोक एकेक करून मागे सरकू लागले, आपापल्या मोटरसायकली शोधू लागले. आप्पाराव जीपकडे जाता जाता माझ्याजवळ थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, की तुमच्या वडलांनी असं कधी केलं नसतं. मी म्हणाले, सील तोडायला वडिलांकडे पाना मागितलाच नसता तुम्ही. ते गेले. त्यानंतर त्यांचा एकही ट्रॅक्टर माझ्या दुकानापुढे थांबलेला नाही. तेलसुद्धा जिंतूरहून नेतात. मला त्याचा फटका बसला, अजून बसतोय, आणि ज्याला कुणाला मी त्यातून मोठी झाले असं वाटत असेल त्याने एकदा येऊन माझा गल्ला उघडून बघावा.

महारुद्रची शेड राहिली. आप्पारावांच्या धाकाने काही मालक येत नाहीत, पण बाकीचे येतात, कारण उसाची भरलेली ट्रॉली चढावर ओढायला शेवटी हेडच लागतं. त्या दुपारी सगळे गेल्यावर त्याने ग्राइंडरची गुंडाळलेली वायर सोडली, पडलेली ताडपत्री झटकून पुन्हा बांधली आणि आत जाऊन कामाला लागला. मला एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आभार नकोच होते मला. पण दारातलं ते गॅस्केट तो आता उतरवील, असं मी धरून चालले होते. ते तसंच होतं. वाऱ्याने पत्र्यावर आपटत होतं.

शेवटी मला राहवलं नाही. दिवाळीच्या आधी एकदा मी त्याच्या शेडपुढे जाऊन उभी राहिले. तो बाहेर पिंपावर बसून एक व्हॉल्व्ह हाताने घोळवत होता.

“मिस्तरी, ते जळकं गॅस्केट आता तरी काढा.”

त्याने मान वर केली. गॅस्केटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ते जळकंच व्हतं,” तो म्हणाला आणि पुन्हा व्हॉल्व्ह घोळवू लागला.

ते जळकंच होतं. मी परत येऊन गल्ल्यावर बसले.

आता परवा एक मालक माझ्याकडे गॅस्केट मागायला आला. म्हणाला, मिस्तरीनं सांगितलंय, माणिकरावाच्या पोरीकडून आणा. मी दिलं. थोड्या वेळाने पलीकडून महारुद्रचा आवाज आला, की ह्याची कडी जरा वाकडी हाय, बदलून आना. मी ते हातात घेऊन उन्हाकडे धरलं. कडी वाकडी होती. मी बदलून दिलं.

पेढे मी अजून वाटलेले नाहीत. काळं पाणी अजून माझ्या पायरीवर येतं आणि मी अजून बाहेर येऊन ओरडते, कारण पायरी माझी आहे आणि सवय जुनी आहे. पण पूर्वी मी ओरडायचे तेव्हा पोटातून ओरडायचे, दिवस बरा जायचा. आता ओरडता ओरडता मध्येच तो उन्हाकडे गॅस्केट धरून उभा असलेला दिसतो आणि माझा आवाज मलाच खोटा वाटतो. ह्या फाट्यावर मनसोक्त राग करावा असं माझं हक्काचं एकच माणूस होतं, तेही ह्याने माझ्याकडून काढून घेतलं. त्याबद्दल मी त्याला कधीच माफ करणार नाही.